पहाटेची गोळी एकटीच घ्या : गरोदरपण आणि कमी पडणारा थायरॉइड



मागच्या वर्षावासातली गोष्ट. पानशेत धरणाच्या काठच्या एका बौद्धवस्तीत मी ग्रंथवाचनाला गेले होते. वाचन संपल्यावर एक आजी हाताला धरून मला घरी घेऊन गेल्या. नातसून गरोदर होती, चौथा महिना सरत आला होता. आजी म्हणाल्या, "सिस्टर, हिला थायरॉइड निघालाय. दीड महिना झाला गोळ्या खातीया. परत रक्त तपासलं तर आकडा हाय तिथंच. मी सांगितलं, बंद कर त्या गोळ्या. गुण येत न्हाई तर उगं कशाला खायच्या?"

मी रिपोर्ट मागितले. तिसऱ्या महिन्यात टीएसएच ७.८ होता. डॉक्टरांनी ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली होती. सहा आठवड्यांनी आकडा ८.१. म्हणजे आजींचे निरीक्षण बरोबर होते, गुण आलाच नव्हता. मी त्या मुलीला एवढेच विचारले, "गोळी कशी घेतेस, ते करून दाखव."

तिने फळीवरून एक डबी काढली. त्यात तीन गोळ्या होत्या. एक थायरॉइडची, एक रक्तवाढीची लाल आणि एक कॅल्शियमची पांढरी. "सकाळी चहाबरोबर तिन्ही एकदम घेते. म्हणजे विसरायला होत नाही."

गोळीचा गुण कुठे जात होता, हे तिथेच कळले. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटातच अडवून धरतात, रक्तात जाऊ देत नाहीत. चहानेही थोडी अडचण होते. ती पोर रोज गोळी घेत होती, पण तिच्या अंगी लागत नव्हती.

मला तिला दोष देता आला नाही. नर्सिंगचा डिप्लोमा करून मी वॉर्डात कामाला लागले, तेव्हा पहिली काही वर्षे मीसुद्धा सकाळच्या फेरीला प्रत्येक बाईच्या हातावर सगळ्या गोळ्या एकदम ठेवत होते आणि वर "माझ्यासमोर गिळा" म्हणून उभी राहत होते. शिकलेल्या नर्सकडून जे झाले, ते वस्तीतल्या सुनेकडून झाले तर नवल काय? तिला तीन ठिकाणांहून तीन गोळ्या मिळाल्या. त्या वेगवेगळ्या वेळी घ्यायच्या, हे मात्र तिला कुणीच नीट सांगितले नव्हते. म्हणून हा लेख.

थायरॉइड म्हणजे काय?

थायरॉइड हा आजार नाही. तो आपल्या प्रत्येकाच्या गळ्यात, समोरच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराचा एक छोटा अवयव आहे. तो एक रस तयार करतो. त्या रसाला हार्मोन म्हणतात. शरीर किती वेगाने चालावे, हे या रसावर ठरते. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पोट साफ होणे, पाळी, मेंदूची तरतरी या सगळ्यांना तो लागतो. हा रस कमी पडू लागला की बाई आतून मंदावते.

रिपोर्टवर टीएसएच असे लिहिलेले असते. तो थायरॉइडचा रस नव्हे. तो मेंदूतल्या एका ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम आहे. रोजगार हमीच्या कामावरचा मुकादम डोळ्यांपुढे आणा. काम नीट चालले असेल तर तो हळू बोलतो. काम मागे पडले की त्याचा आवाज चढतो. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज. टीएसएचचा आकडा वाढला, याचा अर्थ थायरॉइडचे काम कमी पडले. पुष्कळ घरांत "थायरॉइड वाढलाय" असे म्हणतात. त्यातून गैरसमज होतो आणि "वाढलाय, मग गोळी खाऊन आणखी वाढेल" या भीतीने बायका गोळी सोडतात. खरे ते उलट आहे. शरीरात रस कमी आहे, आणि गोळी तो भरून काढते.

तो कमी का पडतो? आहारात आयोडीन कमी असले तर पडतो. कधी शरीराची स्वतःची संरक्षक शक्ती चुकून थायरॉइडवरच हल्ला करते, आणि आज बऱ्याच बायकांमध्ये हे कारण सापडते. गळ्याचे ऑपरेशन झाले असेल, काही औषधे चालू असतील, तरी कमी पडतो. यात कुणाची नजर नाही, करणी नाही, मागच्या जन्मीचे काही नाही. गळ्याला गाठ आली म्हणून गंडा बांधणारे अजून आपल्या भागात आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तो गंडा शोभत नाही, आणि त्याने गाठही उतरत नाही.

गरोदरपणात एवढे महत्त्व का?

पोटातल्या बाळाचा थायरॉइड साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करतो, आणि त्याला जोर यायला पाचवा महिना उजाडतो. तोपर्यंत बाळाला लागणारा रस आईच्याच रक्तातून जातो. बाळाच्या मेंदूची पायाभरणी नेमकी याच महिन्यांत होते. म्हणजे आईला स्वतःचे भागवून बाळाचेही भागवायचे असते. निरोगी बाईचा थायरॉइड या दिवसांत जास्त काम करून ते निभावतो. ज्या बाईचा थायरॉइड आधीच अशक्त आहे, तिची मात्र इथे ओढाताण होते.

उपचार झाला नाही तर गर्भपात होण्याचा, रक्तदाब वाढून झटके येण्याचा, वार आधीच सुटण्याचा, दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचा आणि बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. आईच्या अंगात रक्त कमी राहते, बाळंतपणात रक्तस्राव जास्त होऊ शकतो. रस फार कमी असेल आणि बरेच दिवस तसाच राहिला, तर बाळाच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. थायरॉइडचे निदान झालेल्या आणि गोळी वेळेवर घेणाऱ्या अगणित बायकांना धडधाकट मुले होतात. गरोदरपणातल्या इतक्या साध्या, स्वस्त आणि हमखास उपचाराच्या तक्रारी फार थोड्या आहेत. फक्त लवकर कळायला हवे आणि गोळी नीट घ्यायला हवी.

त्या आजी मला म्हणाल्या होत्या, "धरण फुटलं त्या सालची माझी जन्मतारीख. आमच्या टायमाला कुठं होत्या असल्या तपासण्या?" पानशेत फुटले १२ जुलै १९६१ ला. मी विचारले, "आजी, बाळंतपणं किती?" "सहा." "आणि जगली किती?" आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चार."

आपल्या समाजाला हा हिशोब नवा नाही. माता रमाईंनी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे गमावली. त्या लेकरांना काय झाले होते, तो वेगळा विषय. पण लेकरू जाण्याचे दुःख आणि त्यामागची गरिबी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. "आमच्या वेळी नव्हते" हे खरेच आहे. आज आहे, म्हणून आजच्या सुनेला ते मिळाले पाहिजे.

कुणी तपासणी करून घ्यावी?

लक्षणे सांगते, पण एक इशारा आधी. थकवा, झोप येणे, बद्धकोष्ठ, केस गळणे, चेहरा-पाय सुजणे, वजन वाढणे ही लक्षणे गरोदरपणातही असतात. त्यामुळे "दिवस गेलेत, असं होणारच" म्हणून ती झाकली जातात. इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणे, त्वचा कोरडी पडणे, आवाज घोगरा होणे, विसराळूपणा वाढणे, गळा समोरून फुगलेला दिसणे असे असेल तर जास्त लक्ष द्या. तरीही नुसत्या लक्षणांवरून थायरॉइड ओळखता येत नाही. काही बायकांना काहीच त्रास नसतो आणि आकडा मात्र वाढलेला निघतो. रक्ततपासणी हाच एक मार्ग.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये गरोदरपणातील थायरॉइडसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत जोखीम असलेल्या बाईची तपासणी पहिल्याच भेटीत करावी असे सांगितले आहे. पुढीलपैकी एकही गोष्ट लागू असेल, तर तुम्ही स्वतः तपासणी मागून घ्या :

– आधी थायरॉइडचा त्रास होता किंवा गळ्याचे ऑपरेशन झाले आहे.
– आई, बहीण, भाऊ, वडील यांपैकी कुणाला थायरॉइड आहे.
– गळ्याला गाठ किंवा सूज आहे.
– आधी वारंवार गर्भपात झाले, बाळ पोटात गेले किंवा दिवस भरण्याआधी बाळंतपण झाले.
– बरीच वर्षे मूल राहत नव्हते.
– वजन फार जास्त आहे.
– लहानपणापासूनचा, इन्सुलिनवर चालणारा मधुमेह आहे.
– आधीचे मूल किंवा घरातले कुणी मतिमंद आहे.

पाळी चुकली की नोंदणीसाठी तिसरा महिना उलटण्याची वाट पाहू नका. "आत्ताच कुणाला सांगू नये, नजर लागते" म्हणून बरीच घरे थांबतात, आणि बाळाला आईच्या रसाची सर्वांत जास्त गरज असते ते आठवडे हातचे निघून जातात. आशाताईंना लगेच सांगा. हिमोग्लोबिन, साखर, लघवी तपासतात त्याच वेळी "माझा टीएसएच पण बघायचा आहे" असे स्पष्ट म्हणा.

जिला आधीपासून थायरॉइडची गोळी चालू आहे, तिने तर पाळी चुकल्याबरोबर डॉक्टर गाठावेत. गरोदरपणात गोळीचे प्रमाण बहुधा पाव ते एक तृतीयांश वाढवावे लागते. काही जणी "आता पोटात बाळ आहे, औषध नको" म्हणून उलट बंद करतात. ही सगळ्यांत महागात पडणारी चूक.

रिपोर्ट कसा वाचायचा?

लॅबच्या कागदावर आकड्याशेजारी "सामान्य" म्हणून जी मर्यादा छापलेली असते, ती बहुधा सर्वसाधारण माणसांसाठी असते, गरोदर बाईसाठी नाही. २०१४ च्या सरकारी सूचनांनुसार गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच २.५ च्या आत आणि त्यानंतर ३ च्या आत असावा. अलीकडे काही डॉक्टर ४ पर्यंतचा आकडा चालवून घेतात आणि सोबत दुसरी एखादी तपासणी करून ठरवतात. म्हणून एका डॉक्टरांनी गोळी दिली आणि शेजारणीला तेवढ्याच आकड्यावर दिली नाही, यावरून गोंधळून जाऊ नका. तुम्ही करायच्या गोष्टी दोनच. कागद स्वतः वाचून "नॉर्मल आहे" असा निकाल लावू नका. आणि लॅबमध्ये व डॉक्टरांना आपण किती महिन्यांच्या गरोदर आहोत, हे आधी सांगा.

या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. गोळी चालू असेल तर त्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. गोळी सुरू केल्यावर किंवा तिचे प्रमाण बदलल्यावर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. त्याआधी तपासून उपयोग नाही, कारण शरीराला बदल दाखवायला तेवढा वेळ लागतोच.

गोळी कोणती आणि ती कशी घ्यायची?

या गोळीचे नाव थायरॉक्सिन. दुकानात ती थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन अशा नावांनी मिळते. ती "गरम" नाही, बाळाला अपाय करणारी नाही. आपल्या गळ्यात जो रस तयार होतो, तोच या गोळीत आहे. घरातले पाणी कमी पडले तर आपण बाहेरून हंडा आणून भरतो, तसे हे आहे. सरकारी सूचनांनुसार आकडा १० च्या आत असेल तर रोज २५ आणि १० च्या वर असेल तर रोज ५० मायक्रोग्रॅमने सुरुवात करतात. वजन आणि प्रकृती बघून डॉक्टर वेगळेही ठरवतात. बाटलीवर २५, ५०, ७५, १०० असे आकडे असतात. दर वेळी नवी बाटली घेताना तो आकडा चिठ्ठीशी जुळवून बघा. कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचे, म्हणजे गोळीची वेळ. पुढचे वेळापत्रक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा :

सकाळी ६ – थायरॉइडची गोळी. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. दुसरी कुठलीही गोळी सोबत नाही.
सकाळी ७ – चहा, नाश्ता. गोळीनंतर अर्धा ते एक तास गेला पाहिजे.
दुपारी १ – जेवण आणि जेवणाबरोबर कॅल्शियमची गोळी.
दुपारी ४ – रक्तवाढीची लाल गोळी, लिंबूपाण्याबरोबर. चहाबरोबर नाही.
रात्री ८ – जेवण आणि कॅल्शियमची दुसरी गोळी.

वेळा घरच्या कामाप्रमाणे पुढेमागे झाल्या तरी चालतील. पण दोन नियम मोडायचे नाहीत. थायरॉइडची गोळी आणि लोह-कॅल्शियम यांच्यात किमान चार तास. आणि लोह व कॅल्शियमसुद्धा एकमेकांबरोबर नाहीत. जळजळीच्या गोळ्या किंवा पांढरे-गुलाबी पातळ औषध घेत असाल, तर त्यालाही चार तासांचा नियम लागू आहे. लाल गोळी बंद करायची नाही, हेही लक्षात ठेवा. ती तितकीच गरजेची आहे, फक्त तिची वेळ वेगळी.

भातलावणीच्या दिवसांत पहाटेच शेतावर जावे लागते. तेव्हा उठल्याबरोबर, चूल पेटवण्याआधी गोळी घ्या. उशाशी पाण्याचा तांब्या आणि बाटली ठेवली की झाले. सकाळी मळमळून उलट्या होत असतील, तर डॉक्टर रात्री झोपतानाची वेळ देऊ शकतात. तेव्हा शेवटच्या जेवणानंतर तीन तास गेलेले असावेत आणि कॅल्शियमची वेळही बदलून घ्यावी लागते. हा बदल विचारूनच करा. गोळी घेतल्या घेतल्या उलटीत पडली, तर पुन्हा घ्यायची का हे सिस्टरना फोन करून विचारा. सकाळी विसरलात तर त्याच दिवशी पोट रिकामे असताना घ्या आणि पुढच्या भेटीत तसे सांगा. स्वतःच्या मनाने रोज दोन-दोन घेऊ नका. छातीत धडधड, हातांना थरथर, झोप न येणे, वजन घटणे असे होऊ लागले, तर प्रमाण जास्त होत असेल. तेव्हाही गोळी बंद न करता डॉक्टरांकडे जा.

आपल्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने घरात ओल. ही गोळी ओल, ऊन आणि उष्णता तिन्हींनी खराब होते. ती चुलीजवळच्या फळीवर, खिडकीत किंवा कागदाच्या पुडीत ठेवू नका. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, डब्यात ठेवा.

पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या उपासिका विचारतात, उपोसथाच्या दिवशी गोळी घ्यावी का? अवश्य घ्यावी. आणि गरोदर बाईने दुपारनंतर उपाशी राहूही नये. आजारी भिक्खूची तथागतांनी स्वतःच्या हातांनी सेवा केली, त्याला अंघोळ घातली, ही कथा आपण विहारात ऐकतो. शील पाळायचे म्हणून शरीराला दंड द्यायचा, हे त्या मार्गात बसत नाही.

मीठ आणि जेवण

आयोडीन कमी पडले की गलगंड होतो, हे हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या मोठ्या प्रयोगात दिसले. आयोडीनयुक्त मीठ दिलेल्या गावांत गलगंड कमी झाला. त्यानंतर १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावर देशभर बंदी आहे. तरीही गोणीतले खडे मीठ घराघरांत असते. ते जनावरांना, लोणच्याला, सुकवणाला म्हणून आणतात आणि तेच आमटीत पडते. सैंधवातही सहसा पुरेसे आयोडीन नसते. गरोदर बाई असलेल्या घरात पुडीवर हसऱ्या सूर्याची खूण असलेले आयोडीनयुक्त मीठच वापरा. बरणी झाकून ठेवा, शक्यतो भाजी उतरवताना मीठ घाला. आयोडीन मिळावे म्हणून मीठ जास्त मात्र खायचे नाही, त्याने रक्तदाब वाढतो. सुकट-बोंबलातही आयोडीन असते, पण मीठही असते. सूज किंवा रक्तदाब असेल तर ते बेताने.

कोबी-फ्लॉवर बंद करा, असे बरेच जण सांगतात. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. गरोदर बाईच्या ताटातून भाज्या काढून घेऊ नका. अंडी, डाळी, नाचणी, पालेभाज्या सगळे खाऊ द्या. आणि एक लक्षात असू द्या. निदान झाल्यावर नुसत्या मिठाने किंवा काढ्याने आकडा उतरत नाही. गोळी घ्यावीच लागते.

तपासणी कुठे? हक्क कोणता?

आपल्या दारातल्या धरणाचे पाणी नळाने पुण्याच्या घराघरांत पोहोचते. पण धरणामागच्या वस्तीतल्या बाईला रक्ताच्या एका तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडे खर्चून निघावे लागते. वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातली ही रोजची अडचण आहे. म्हणून काय मागायचे ते माहीत हवे.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे. त्याखाली सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या, औषधे, बाळंतपण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर गरोदर बायकांना तपासतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात टीएसएच होत नसेल, तर रक्ताचा नमुना पुढे पाठवता येईल का, ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी जावे, हे विचारा. बाहेरून तपासणी करायला सांगितले, तर कारण विचारा. टीएसएचचा आकडा, तारीख आणि गोळीचे प्रमाण माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. रात्री-अपरात्री बाळंतपणाला नेले तर तो कार्डच तुमच्या वतीने बोलतो.

हे मागताना संकोच नको. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ मध्ये तो कायदा झाला. गरोदर बाईची काळजी हे तिच्यावरचे उपकार नाहीत, हे बाबासाहेबांनी आपल्याला तेव्हाच शिकवले आहे.

बाळंतपणानंतर

बाळंत झाल्यावर गोळीचे प्रमाण बहुधा कमी होते. कुणाची बंदही होते, कुणाला ती पुढे चालू ठेवावी लागते. हे डॉक्टर ठरवतील. सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. गोळी चालू असताना बाळाला अंगावर पाजायला काहीही हरकत नाही. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत बाई फार थकली, उदास राहू लागली, रडू लागली, तर "बाळंतवात आहे" किंवा "नखरे आहेत" म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड या काळातही बिघडतो. मनावरचा ताण तर आहेच, पण तपासणीही करा.

बाळाचाही टीएसएच जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन बघता येतो. काही बाळांचा थायरॉइड जन्मतःच काम करत नाही. आईला थायरॉइड नसला तरी असे होऊ शकते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बाळाची बुद्धी नीट वाढते. म्हणून घरी जाण्याआधी विचारा, "बाळाची टाचेची तपासणी झाली का?"

आता त्या घराचे सांगते. त्या रात्री मी भिंतीवर वेळापत्रक लिहून दिले. आजींनी ते दोनदा वाचून घेतले आणि म्हणाल्या, "मग गोळीचा दोष नव्हता तर." दुसऱ्या दिवसापासून पहाटेची गोळी त्याच देऊ लागल्या, हातात तांब्या घेऊन. चहा तासाभराने. डॉक्टरांनी प्रमाण तेच ठेवले. पाच आठवड्यांनी आकडा आला २.७. गोळी तीच, बाई तीच, बदलली ती फक्त वेळ.

एखादी गोष्ट थोरांनी सांगितली म्हणून मानू नका, अनुभवाने तपासून बघा, ही तथागतांची शिकवण. आजींनीही तपासूनच पाहिले होते, पण निम्मेच. गुण येत नाही हे त्यांनी बरोबर हेरले. का येत नाही, हे विचारायचे राहिले. एवढा एक प्रश्न आपल्या प्रत्येक घरात विचारला जावा, अशी माझी इच्छा आहे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात पाच मिनिटे काढा. वस्तीत कोण कोण गरोदर आहे, कुणाची नोंदणी झाली, कुणाचा टीएसएच झाला, कुणाला ९ तारखेला सोबत हवी, हे महिला मंडळाने एका वहीत लिहावे. ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी त्या दिवशी एक फेरी करावी. आणि गरोदर बाई असलेल्या प्रत्येक घरी जाऊन म्हणावे, "ताई, गोळ्यांची डबी जरा दाखव बरं."

जयभीम, नमो बुद्धाय.